विशेषण खोड, माप लिही

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पानं मिळाली. "आजी प्रेमळ होती, कष्टाळू होती, सोशिक होती. तिच्या हाताला अन्नपूर्णेची चव होती." आणि खाली तूच लिहिलं आहेस, की यापुढे काही सुचत नाही, वर्षश्राद्धाला सोळा पानांची पुस्तिका काढायचं घरात ठरलंय खरं, पण बार्शीत संसार करून गेलेल्या साध्या बाईच्या आयुष्यात सोळा पानं भरतील एवढं असतं का?

ह्या प्रश्नानं मी दोन दिवस अस्वस्थ होते. तुझी विशेषणं संपली, आणि तुला वाटतंय की तिचं आयुष्य संपलं. तुझ्या दोन पानांतलं आजीचं नाव खोडून शेजारणीचं घाल, एक शब्द बदलावा लागणार नाही. मग ती पानं तुझ्या आजीची कशी?

म्हणून एकच गोष्ट सांगते, आणि हे पत्र संपेपर्यंत तीच सांगत राहणार आहे: विशेषण खोड आणि तिथं माप लिही. किती, कशात, कितीदा, किती अंतरावरून, कोणत्या साली.

"कष्टाळू" घे. घरात माणसं नऊ. मोठ्यांना वेळेला तीन भाकरी, पोरांना दोन-दीड, शिवाय शेतावरच्या गड्याची शिदोरी. दोन वेळच्या मिळून चाळीस-पंचेचाळीस भाकरी होतात. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या मध्यम आकाराच्या दहा-बारा भाकरी धर. म्हणजे रोज चार किलो पीठ परातीत मळून, थापून, तव्यावर टाकून, पाणी फिरवून, उलटून, निखाऱ्यावर फुगवलेलं. हे पीठ महिन्याचं एकदम करून ठेवता येत नाही, कारण ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, मग थापताना भाकरी कडेला चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. म्हणून दळण दोन-चार दिवसांआड, गिरणी येईपर्यंत जात्यावर, पहाटे. तुमच्या गल्लीत गिरणी कधी आली ते मावशीला विचार. त्या एका सालानं आजीच्या पहाटेचे दोन भाग पडतात, आणि "कष्टाळू" ह्या शब्दात ते दिसत नाहीत.

पाण्याचंही तसंच. माळ्यावर तांब्याचा हंडा आहे असं तू लिहिलंस. तो खाली काढ. लिटरच्या बाटलीनं भर आणि मोज. मग घरापासून जुन्या आडापर्यंत चालत जा, पावलं मोज. आड बुजवला असला तरी जागा म्हाताऱ्या माणसांना माहीत असते. दिवसाला किती खेपा, उन्हाळ्यात किती, डोक्यावर एक आणि कमरेवर एक की नुसताच एक, चुंबळ कशाची, नळ दारात कोणत्या साली आला. एवढं लिहिलंस की वाचणाऱ्याची मान दुखली पाहिजे.

तू म्हणतोस मी मुलगा, मला स्वयंपाकघरातलं कळत नाही. हे मी मानत नाही. मोजायला बाई असावं लागत नाही. तिच्या हातचं जेवलास तेव्हा ही अडचण आली नव्हती.

आता तारखा. आजीच्या आधार कार्डावर 1 जून 1940 आहे, ती पुस्तिकेत छापू नकोस. आपल्याकडे त्या पिढीतली निम्मी माणसं 1 जूनला जन्मलेली दिसतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी किंवा पुढे अर्ज भरून देणाऱ्यानं ती तारीख टाकलेली असते. पण तुझ्याच पत्रात एक ओळ आहे, जिच्याकडे तुझं लक्ष गेलं नाही: आजी स्वतःला "धोंड्याच्या जेठातली" म्हणायची. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास. अधिक ज्येष्ठ दर वर्षी येत नाही. आजीच्या वयाशी जुळेल असा एकच आहे, 1942 सालचा. त्याच्यानंतरचा थेट 1961 मध्ये आला. म्हणजे तिनं तिचा जन्म तुला सांगून ठेवला होता, मे-जून 1942. पाहा, कागद चुकला आणि तिचं बोलणं बरोबर निघालं. म्हणून तिची वाक्यं जशीच्या तशी लिहून काढ, "जेठ"चा "ज्येष्ठ" करू नकोस, "व्हय" आणि "न्हाई" दुरुस्त करू नकोस.

एक साल पक्कं झालं की बाकीची त्याला टांगता येतात. माहेर उस्मानाबादकडचं, आताचं धाराशिव. तो मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा होता, बार्शी मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. बार्शीची माणसं पलीकडच्या भागाला मोगलाई म्हणत. रझाकारांच्या धामधुमीत मोगलाईतली कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शीला येऊन राहिली. आजी तेव्हा सहा वर्षांची. तिच्या घरचे आले होते का, कुणाकडे उतरले, किती दिवस, दागिने कुठे पुरले होते का, हे मावशीला विचार. सहा वर्षांच्या मुलीनं पुढे स्वतःच्या मुलींना हे सांगितलेलं असतंच. माहेरचे जुने कागद निघाले तर त्यावर फसली सन, म्हणजे निजामाच्या महसुली हिशेबाचं साल, असेल. त्यात 590 मिळव, इसवी सन मिळेल, एखाद्या वर्षाचा फरक धरून चाल.

लग्न झालं तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते की शंभर नये पैसे झाले होते? दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली आणि पुढे काही वर्षं दोन्ही हिशेब बाजारात चालले. मुहूर्ताची तारीख कुणाला आठवत नसेल, पण आहेर आण्यांत लिहिला होता की पैशांत, ते आठवू शकतं. माहेरी जाताना ती बार्शी लाइटनं जायची का? कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी 1897 साली सुरू झाली, पुढे पंढरपूर आणि लातूरपर्यंत गेली. तिकीट किती, मांडीवर पोर किती महिन्यांचं, सोबत कोण, स्टेशनावरून पुढे बैलगाडी की पायी. "माहेरची ओढ होती" असं लिहू नकोस. वर्षातून किती वेळा जाऊ दिलं आणि किती दिवस राहू दिलं, ते लिही.

1972 च्या दुष्काळात ती तिशीत होती. तुझ्या आईला शाळेतली सुकडी आठवत असेल, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी आठवत असेल. तिला विचार की मिलोची भाकरी कशी व्हायची आणि पोरं ती खायची का. आजी दुष्काळी कामावर गेली होती का, हेही विचार. बऱ्या घरातल्या बायकाही त्या वर्षी खडी फोडायला गेल्या, आणि नंतर घरच्यांनी ते बोलायचं नाही असं ठरवलं. गेली असेल तर कोणत्या तलावावर, किती महिने, खडीचे ढीग ब्रासवर मोजत, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तो भरायला किती हात आणि किती दिवस लागायचे. ह्यात लाज कसली? उलट हे पान पुस्तिकेच्या मध्यावर घाल.

घरातली भांडी पाहिलीस का? सगळी उतरव. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, आणि ठोक्यांनी कोरलेली ही नावं फोटोंपेक्षा जास्त बोलतात. कुणी दिलं, कुणाला, कोणत्या निमित्तानं, बहुतेकांवर तारीखसुद्धा. अक्षरं झिजली असतील तर भांडं कोरडं पुसून त्यावर रांगोळीची बारीक पूड चोळ आणि बोटानं वरची काढून टाक. कोरलेल्या ठिपक्यांत पांढरं राहतं, मग खिडकीशी तिरप्या उजेडात धरून वाच. चिंच लावून घासायचं नंतर. आधी वाचून घे. माहेरच्या भांड्यांवर तिचं माहेरचं नाव असेल. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं मागं राहिलं, ते कदाचित आता एका तांब्यावरच उरलं असेल. पुस्तिकेच्या पहिल्या ओळीत ती दोन्ही नावं पाहिजेत. आणि मुखपृष्ठावर "कै. गं. भा." छापायचं कुणी म्हणालं तर नको म्हण. नवऱ्यानंतर लागलेली ती अक्षरं तिच्या पंचाहत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्याचं शीर्षक होऊ शकत नाहीत.

"हाताला चव होती" हे वाक्य तर मला वाचवत नाही. चव हातात नसते, चव दिवसांत असते, पाण्यात असते, उन्हात असते. तुला तिच्या कुरडया आठवतात ना? मग त्या लिही. गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं. एक दिवस चुकला की आंबूस वास सुटतो आणि तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी वरचं निवळ पाणी हळूच ओतून द्यायचं. घाईनं ओतलं तर चीकही जातो. मग जेवढा चीक तेवढं पाणी, हे प्रमाण घरोघर थोडं बदलतं, म्हणून आजीचं भांडं कोणतं होतं ते शोध. पाण्याला उकळी, मीठ, हिंग, आणि चीक ओतताना दुसऱ्या हातानं सतत ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या सोऱ्यात अडकतात. चीक शिजला की रंग पालटतो, चकाकी येते. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुटते आणि तेलात फुलत नाही. सगळं पहाटे आटपायचं, कारण ऊन चढायच्या आत खाटेवरच्या धोतरावर घातल्या तरच त्या दिवसभरात वरून सुकतात. आभाळ आलं की चार दिवसांची मेहनत वाया.

ढवळायला एक बाई पुरत नाही. दुसरी कोण असायची? हे विचारलंस की शेजारीण पुस्तिकेत येईल, जाऊबाई येईल. ज्या जावेशी दहा वर्षं अबोला होता असं घरात सांगतात, तीच कदाचित दर चैत्रात चीक ढवळायला यायची. मापाच्या मागं माणसं येतात.

जुनी गोधडी उसवू नकोस. कड जिथं झिजली आहे तिथं थर दिसतील: वरचं लुगडं, खालचं लुगडं, मधे धोतरं, परकर, कुणाच्या शाळेच्या सदऱ्याचा तुकडा. मावशी आणि आई दोघींना जवळ बसवून एकेक थर दाखव. कापड ओळखलं की वर्ष येतं.

आता "सोशिक". ह्या शब्दाशी माझं वैर आहे. कुणी बाई सोशिक होती असं लिहिलं की तिला सोसायला लावणारे सगळे वाक्यातून निघून जातात. कुणी लावलं, काय लावलं, किती वर्षं? माहेरच्या गावी जमिनीचे फेरफार पाहा; गाव नमुना सहा, तलाठ्याकडे, फार जुने असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात. 1956 च्या वारसा कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा मिळाला. तुझ्या पणजोबांच्या मागं वारस म्हणून मुलांबरोबर आजीचंही नाव लागलेलं दिसेल, आणि बहुतेक पुढच्याच एखाद्या नोंदीत हक्कसोड करून ते कमी झालेलं दिसेल. दोन नोंदींमधलं अंतर मोज. किती एकर, किती गुंठे, मोबदला लिहिलाय की "राजीखुशीनं", सही आहे की अंगठा. अंगठा असेल आणि घरी ती पोथी वाचायची असं तुला आठवत असेल, तर ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिही आणि गप्प बस. वाचणारा समजून घेईल.

आईच्या मामांना वाईट वाटेल, ही तुझी भीती मला दिसते. हयात माणसाचं नाव गाळायचं असेल तर गाळ, नोंद गाळू नकोस. "भावांनी" म्हटलं तरी पुरतं. पण "तिनं कधी काही मागितलं नाही" हे वाक्य मात्र ठेवू नकोस. मागितलं की नाही हे तुला माहीत नाही. नाव कमी झालं, एवढंच माहीत आहे.

बाळंतपणं किती आणि जगलेली मुलं किती, हे दोन आकडे वेगळे असतात, त्या पिढीत फार वेगळे. हे तू विचारू नकोस, आईला विचारू दे. गेलेल्या बाळाला नाव ठेवलं होतं का, तेवढं कळलं तर ते नाव वंशावळीत घाल. जेवायला ती शेवटी बसायची, असं तू लिहिलंस. तेव्हा टोपल्यात काय उरलेलं असायचं?

लोक मला म्हणतात, हे प्रेम नव्हे, पंचनामा आहे. हंडे मोजून आजी मिळते का? मी अशा बऱ्याच पुस्तिका वाचल्या आहेत. मायेचा सागर, त्यागाची मूर्ती, वात्सल्याची सावली. छापून आल्यावर त्या कपाटात जातात आणि तिथंच राहतात, कारण त्यात कुणीच भेटत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, आणि त्या ओव्यांसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका नोंदवला गेला. तेवढ्या नोंदीमुळे त्या बायका "ग्रामीण स्त्रिया" ह्या ढिगाऱ्यात हरवल्या नाहीत. नोंद करणं म्हणजे कोरडेपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. माझ्याकडे माझ्या आईबद्दल विशेषणं भरपूर आहेत. मापं मुठीत मावतील एवढीच. हट्ट तिथून आला आहे, आणि तो मी सोडणार नाही.

तुझ्याकडे वेळ थोडा आहे, कारण मावशीचंही वय झालं. तिच्याकडे दुपारी दोननंतर जा, घरातली पुरुषमंडळी झोपलेली असताना. समोरासमोर बसून "आजी कशी होती?" असं विचारलंस तर ती तुला तुझीच विशेषणं परत देईल. तिच्या हाताला काम दे, शेंगा फोडायला घे किंवा गहू निवडायला, आणि तूही हात लाव. हात चालू असले की माणूस आठवून बोलतो. फोन विमान मोडवर टाक, घडी केलेल्या पंचावर ठेव, तिच्यापासून हातभर अंतरावर. फरशीवर ठेवलास तर प्रत्येक शेंगेचा आवाज तिच्या आवाजापेक्षा मोठा येईल. पंखा बंद कर, उन्हाळा असला तरी. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते तूच बोल. पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नकोस. ती थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, दहापर्यंत मनात मोज. घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला तारीख आणि नाव दे, एक प्रत आईच्या फोनमध्ये, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या कुणाकडे. फोटोंच्या मागं बॉलपेननं लिहू नकोस, पुढून वळ उठतात. मऊ शिसपेन्सिल घे आणि कडेला लिही. चिकटपानी अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस, पानासकट स्कॅन कर.

आणि तुझी आई. संपूर्ण पत्रात तू आईला "साहित्य कुणाकडे मिळेल" एवढ्यापुरतीच आणली आहेस. ती सत्तावन्न-अठ्ठावन्नची असेल. तिच्या हातचं सांबार किंवा आमटी तू काल खाल्लीस, त्यातलं चिंचेचं माप तुला माहीत आहे? आजीची पुस्तिका करता करता आईचीही वही सुरू कर. तिला सांगू नकोस की तुझ्या आठवणी जपतोय. नुसतं विचार, आणि लिहून ठेव.

पहिली चार पानं झाली की पाठव. विशेषण दिसलं तर मी त्याच्याखाली रेघ मारून परत पाठवीन. मग तू तिथं माप घालशील.

तुझी,
मावशीच्या वयाची शिक्षिका

ता. क. हंडा मोजताना काठोकाठ भरू नकोस. डोक्यावर चुंबळीवर घेऊन चालताना पाणी हिंदकळतं, म्हणून बायका गळ्याच्या वळणापर्यंतच भरत. तिथपर्यंत भर आणि तोच आकडा लिही.